क्षेमंकराच्या भांडाराचे छप्पर

फार पूर्वी शूर्पारक नगरात मेघवर्ण राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी तेथील एका लाकूड व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचे नाव क्षेमंकर. त्यांची वखार खाडीच्या तोंडाशी होती आणि दूरदूरचे नावाडी त्यांच्याकडून फळ्या नेत.

त्याच सुमारास शंखद्वीप नावाच्या बेटावरून पूर्णक नावाचा नावाडी नगरात आला. बेटावरच्या लोकांची एकुलती एक होडी वादळात फुटली होती. त्यातच समुद्राचे पाणी आत शिरून विहिरी खारट झाल्या होत्या. मुले मचूळ पाणी पीत होती आणि त्यांची पोटे बिघडत होती. पूर्णकाची बायको सोमा गरोदर होती. वाटेने जाणाऱ्या एका गलबताने त्याला एकट्याला चढवून घेतले, तेव्हा बेटावरच्या बायकांनी आपली कंकणे आणि चांदीचे तोडे त्याच्या पदरात टाकले आणि म्हटले, "भाऊ, होडी घेऊन ये, आम्हाला इथून ने. समुद्र खवळायच्या आत ये."

तयार होडी घेण्याइतके ते मोल नव्हते. चांगल्या फळ्या स्वस्तात मिळाल्या, तर होडी बांधणे मात्र जमणार होते. पूर्णकाला अन्न गोड लागेना. तो वखारीमागून वखार पालथी घालत होता. भाव ऐकायचा, फळीवर हात फिरवायचा, वर आभाळाकडे बघायचा आणि उत्तर न देताच पुढे चालू लागायचा. असा फिरत फिरत तो क्षेमंकराच्या दारात आला.

"श्रेष्ठी, होडीसाठी साग हवा. आजच्या आज हवा," तो म्हणाला.

क्षेमंकराने त्याची सगळी हकीकत ऐकून घेतली, मग रचून ठेवलेल्या फळ्यांपैकी एक उचलून दाखवली. "हा साग चांगला आहे, पण ओला आहे. आज याची होडी बांधलीस तर उन्हाने फळ्या वाकतील आणि सांधे उघडतील. सुकलेले लाकूड आज माझ्याकडे नाही. थोडा धीर धर, मी शोधतो."

पूर्णकाला वाटले, हा भाव चढवण्याचा डाव आहे. "धीर?" तो म्हणाला. "तुमच्या विहिरीला गोडे पाणी आहे, श्रेष्ठी. तुम्हाला धीर परवडतो." आणि तो तडक निघून गेला.

बंदरावर त्याला कालक नावाचा फिरता व्यापारी भेटला. त्याच्या फळ्या रुंद होत्या, गुळगुळीत होत्या, तेल पाजून चकचकीत केलेल्या होत्या. भावही कमी होता. "उतरवून देऊ का किनाऱ्यावर?" कालकाने विचारले. थांब न म्हणता लगेच माल देणारा माणूस पूर्णकाला भेटला होता. त्याने कंकणे आणि तोडे कालकाच्या हवाली केले. फळ्या उतरल्या आणि कालकाचे गलबत वारा धरून निघून गेले.

पूर्णक रात्रंदिवस कामाला भिडला. त्याने फळ्या तासल्या, भोके पाडली, काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवायला घेतल्या. अशात क्षेमंकर किनाऱ्यावरून चालले होते. वाळूत पडलेला फळीचा एक तुकडा त्यांनी उचलला, त्याची कड उन्हात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पूर्णका, हात थांबव. यात मला थर दिसतात. वर सागाचा पातळ पापुद्रा आहे आणि तो सरसाने चिकटवलेला आहे. आत काय आहे कोण जाणे. एक तुकडा पाण्यात उकळून बघ."

पूर्णकाच्या मनात साचलेली सगळी तगमग एकदम वर आली. "तुमचा माल खपला नाही म्हणून आता माझी होडी मोडायला आलात?" असे ओरडून त्याने हातातला लाकडी हातोडा भिरकावला. तो क्षेमंकराच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यावर ओघळले. किनाऱ्यावरचे लोक धावत आले. क्षेमंकराने त्यांना हातानेच अडवले, उपरण्याने कपाळ पुसले आणि मघाच्याच आवाजात म्हटले, "एक तुकडा उकळून बघ. मी खोटा निघालो तर पुन्हा इकडे पाऊल टाकणार नाही."

ते गेले. पूर्णकाने पुन्हा सुई हातात घेतली, पण टाका नीट पडेना. तो उठला, बसला, पाण्यापर्यंत जाऊन आला. शेवटी चिडूनच त्याने चूल पेटवली, भाताच्या मडक्यात पाणी घातले आणि तुकडा आत टाकला. पाणी खदखदू लागले. थोड्या वेळाने काठीने ढवळले, तर सागाचे पापुद्रे केळीच्या सालीसारखे सुटून वर आले. आत सावरीचे भुसभुशीत, हलके लाकूड होते. बोटांनी दाबताच त्याचा लगदा झाला.

पूर्णक मडक्याशी बसून राहिला. कंकणे गेली होती. दिवस गेले होते. सोमा या क्षणी किनाऱ्यावर उभी राहून क्षितिजाकडे बघत असेल, हे त्याला दिसत होते. बऱ्याच वेळाने तो उठला आणि मान खाली घालून क्षेमंकराच्या वखारीकडे निघाला.

तिथे पोचतो तर क्षेमंकर कपाळाला पट्टी बांधून आपल्या भांडाराच्या छपरावर चढलेले! कौले उतरवून एका बाजूला रचली होती आणि दोन मजूर छताच्या फळ्या खाली सोडत होते. साग होता तो. कित्येक वर्षे सावलीत सुकलेला, हाडासारखा खणखणीत.

"श्रेष्ठी, हे काय करता?"

"तुला म्हटले होते ना, शोधतो म्हणून. शोधता शोधता वर लक्ष गेले."

"आता माझ्याकडे द्यायला काही उरले नाही. आणि मी तुम्हाला मारले."

"मारलेस. दुखलेही. पण तुझ्या बेटावर मुले खारे पाणी पितात. तुळईचे ते टोक धर, एकट्याला पेलत नाही मला."

पूर्णकाने तुळई धरली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

होडी नव्याने उभी राहू लागली. सांध्यांत राळ आणि माशाचे तेल भरून झाले, त्याच संध्याकाळी पश्चिमेला ढग दिसले आणि पूर्णक होडी पाण्यात ढकलायला धावला. क्षेमंकर आडवे उभे राहिले. "राळ सुकू दे."

"श्रेष्ठी, ढग!"

"मीही बघतोय. सुकू दे."

पूर्णक होडीभोवती घिरट्या घालत राहिला. दर थोड्या वेळाने तो सांध्याला बोट लावून बघे. मात्र या वेळी त्याने ऐकले. राळ दगडासारखी घट्ट झाली तेव्हा कुठे होडी पाण्यात उतरली.

पूर्णक शंखद्वीपावरून लोकांना घेऊन निघाला आणि परतीच्या वाटेवर समुद्र खवळला. होडीत सोमा होती, म्हातारी माणसे होती, मुले होती. लाटा फळ्यांवर आदळत होत्या आणि प्रत्येक तडाख्याला पूर्णक तळाकडे बघत होता. तळ कोरडा होता. खाडीच्या तोंडाशी क्षेमंकर गुडघाभर पाण्यात वाट बघत उभे होते. पहिले मूल त्यांनीच उतरवून घेतले.

त्या पावसाळ्यात उघड्या भांडारातला पुष्कळसा माल भिजून गेला. बाजारातले लोक क्षेमंकराला हसले. बेटावरच्या माणसांनी झावळ्या विणून भांडार शाकारले आणि क्षेमंकराच्याच आसऱ्याला ती राहिली. सोमाला तिथेच मुलगी झाली.

ही कथा सांगून शास्ता, भगवान बुद्ध, थांबले. धर्मशाळेचे काम लांबते म्हणून सुतारावर हात उगारलेला एक भिक्षू समोर मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे पाहून शास्ता म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा पूर्णक तो तूच. आज ज्या उपासिकेने तुम्हाला भिक्षा वाढली, ती सोमा. आणि क्षेमंकर मीच होतो."

कोणीतरी विचारले, "भगवन्, आणि कालक?"

"तो अजून वाटेत आहे," शास्ता म्हणाले. "तो येईल तेव्हा त्यालाही बसायला जागा द्या."

क्षांती, म्हणजे सोसून क्षमा करणे, ती हीच.