कोतू आणि पांढरी पिसोरी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा सातासमुद्रापलीकडचे साहेब पिंजरे घेऊन यायचे आणि कुठं न दिसणारी जनावरं धरून न्यायचे. चांद्याच्या रानात तेव्हा कोतू राहायचा. जनावरांचा माग काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायको देवाघरी गेलेली. घरात एकुलती एक लेक, मैनी.

एकदा काय झालं, एक दाढीवाला साहेब आला. त्याला पांढरी पिसोरी हवी होती. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण, बरं का. एरवी ते मातकट असतं. पण त्या रानात एक पांढरीशुभ्र होती आणि तिची जागा एकट्या कोतूला ठाऊक होती.

साहेबानं बंदूक देऊ केली. कोतू नाही म्हणाला. मग घोडा देऊ केला. तरी नाहीच. मग मैनीनं हिवतापानं अंथरूण धरलं. पोर डोळे उघडेना. साहेबाच्या पेटीत कोयनेल होतं, तापावरचं कडू औषध.

साहेब म्हणाला, "जनावर आण. औषध ने."

मग कोतू जाळं घेऊन निघाला. नाल्याकाठच्या बांबूत पिसोरी उभी होती. पळाली नाही. जाळं अंगावर पडलं, तशी ती माणसासारखी बोलली, "कोतूदादा, माझ्या पांढऱ्या जातीची मी एकटीच उरले रे. मला नेलंस तर मागं कुणी नाही."

कोतू तिच्याजवळ खाली बसला. मग म्हणाला, "मलाही एकच आहे, बाई." आणि त्यानं तिला उचललं. छातीशी धरून नेलं. तिचं काळीज धडधडत होतं, ते त्याला वाटभर कळत होतं.

मैनीचा ताप उतरला. साहेबाच्या बैलगाड्या गेल्या. पिसोरीनं पिंजऱ्यात पाल्याला तोंड लावलं नाही. पुन्हा एक शब्द बोलली नाही. मुंबईच्या बोटीवर चढवायच्या आधीच ती गेली. परत आलेल्या गाडीवानानं तसं सांगितलं. कोतूनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढं आणखी साहेब आले. कोतू त्यांना पाणी द्यायचा, बसायला घोंगडी द्यायचा. "रानात आता काही नाही," एवढंच म्हणायचा आणि आत जायचा.

मैनी मोठी झाली, भरल्या घरी नांदली. तिला चार लेकरं झाली. कधीतरी ती विचारायची, "बा, मी त्या तापातून कशी रे वाचले?"

"औषधानं," कोतू म्हणायचा. त्यापुढं कधी बोलला नाही.

तर अशी मैनी सुखात राहिली. तुम्हीही राहा, बाळांनो. मिटा आता डोळे.