चिंबीचं छप्पर चाकाखाली

एक होती चिंबोरी. म्हणजे छोटी खेकडीण. केवढी? लिंबाएवढी? छे! सुपारीएवढी.

तिचं नाव चिंबी.

चिंबीला पाय आठ. नांग्या दोन. आणि डोळे? डोळे काड्यांवर! दचकली, की डोळे वर. टुक!

चिंबी राहायची घाटात. रस्त्याच्या कडेला एक ओलं बीळ. बिळावर एक दगड. दगड हेच चिंबीचं छप्पर. दगड हेच चिंबीचं दार.

वर झाडावर बसायचा कावळा. कावळ्याला चिंबोऱ्या फार आवडतात. खेळायला नाही हं. खायला! पण बिळावर दगड होता. म्हणून चिंबी खुशाल झोपायची.

एक दिवस दुपारी काय झालं?

घर्र घर्र घर्र... खाड! खुड! फुस्सऽऽऽ!

चढावर एक ट्रक बंद पडला. ट्रकभर केळी. ट्रकात महादूकाका आणि हौसाकाकू. दोघं नवराबायको. दोघंही ड्रायव्हर. काका चालवायचे, तेव्हा काकू झोपायच्या. काकू चालवायच्या, तेव्हा काका झोपायचे. घोरायचेसुद्धा!

बंद पडलेला ट्रक हळूच मागं सरकला.

"अहो, गाडी मागं चालली!" काकू ओरडल्या.

"दगड लाव, हौसे, दगड!" काका ओरडले. त्यांनी ब्रेक गच्च दाबला.

काकूंनी खाली उडी मारली. धप्प! दिसला तो दगड उचलला. हुप्प! चाकामागं सारला. खस्स!

ट्रक थांबला. बरं झालं.

पण दगड कुणाचा होता?

चिंबीचा!

चिंबी बिळात झोपली होती. एकदम लख्ख ऊन! डोळे वर. टुक!

"अगंबाई! माझं छप्पर कुठं गेलं?"

झाडावर कावळा. तो म्हणाला, "काव! आज बिळाला दारच नाही?"

चिंबी घाबरली. अशी घाबरली, अशी घाबरली, की आठही पाय थरथरले.

तिकडे काकांनी इंजिन उघडलं. आतल्या आरपार दिसणाऱ्या टाकीत पाणी? थेंब नाही!

"तू पाणी घातलं नाहीस?" काका म्हणाले.

"मी? ढाब्यावर तुम्ही घालणार होतात ना!"

"मला वाटलं, तू घातलंस!"

"मला वाटलं, तुम्ही घातलंत!"

"जा, मी बोलतच नाही!" काका म्हणाले.

"जा, मी बसले ती उठतच नाही!" काकू म्हणाल्या.

काका बसले ट्रकच्या पुढं. काकू बसल्या ट्रकच्या मागं. दोघांचे गाल फुगलेले.

आता तुम्हीच सांगा. गाल फुगवले, की इंजिनात पाणी जातं का? नाही जात. पण मोठ्या माणसांना हे कोण सांगणार?

चिंबी निघाली. खुडुक खुडुक, तिरकी तिरकी. तोंड ओढ्याकडे, चाल ट्रककडे. चिंबोऱ्या अशाच चालतात.

चिंबी गेली दगडाकडे.

"दगडा दगडा, सूट ना!
कावळा बघतोय, मी जाऊ कुठं?"

दगड कण्हला, "कसा सुटू गं? पाठीवर हे एवढं चाक! चाक हललं, तर मी सुटेन."

चिंबीचे डोळे वर. टुक! एवढं मोठं चाक? अबब!

कावळा खालच्या फांदीवर आला. काव!

चिंबी निघाली. खुडुक खुडुक, तिरकी तिरकी. चिंबी गेली चाकाकडे.

"चाका चाका, हल ना!
चाक हलेना, दगड सुटेना.
कावळा बघतोय, मी जाऊ कुठं?"

चाक म्हणालं, "काऽऽय? माझ्याखाली तुझं छप्पर? अरेरे! पण मी एकटं कसं हलू? इंजिन धडधडलं, तर मी हलेन."

चिंबीचे डोळे वर. टुक!

कावळा आणखी खाली आला. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला. काव!

चिंबी निघाली. खुडुक खुडुक, तिरकी तिरकी. चिंबी गेली इंजिनाकडे. बाप रे, किती गरम! नांगी लावली, आणि चटका बसला. हाय हाय!

"इंजिना इंजिना, धडधड ना!
इंजिन धडधडेना, चाक हलेना, दगड सुटेना.
कावळा बघतोय, मी जाऊ कुठं?"

इंजिन म्हणालं, "फुस्सऽऽ! काऽऽय? तुझं छप्पर गेलं? माझ्यामुळं? अरेरे! पण माझं डोकं तापलंय. घसा कोरडा पडलाय. पाण्याचा कॅन भरला, तर मी धडधडेन."

चिंबीचे डोळे वर. टुक!

कावळा उडाला. ट्रकच्या टपावर बसला. काव!

चिंबी निघाली. खुडुक खुडुक, तिरकी तिरकी. चिंबी गेली कॅनकडे. पिवळा कॅन. पोट मोठं, आत काही नाही. टण टण!

"कॅनदादा कॅनदादा, भर ना!
कॅन भरेना, इंजिन धडधडेना, चाक हलेना, दगड सुटेना.
कावळा बघतोय, मी जाऊ कुठं?"

कॅन म्हणाला, "काऽऽय? एवढं सगळं झालं? आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! पण ओढा तिकडे खाली. मला पाय कुठं आहेत? काकू उठल्या, तर मी भरेन."

खरंच की. कॅनला पाय नसतात.

कावळा टपावरून आरशावर आला. ट्रकचा आरसा मोठा. आता दिसले दोन कावळे! एक आरशावर, एक आरशात. चिंबीचे डोळे वर. टुक! टुक!

चिंबी पळाली. खुडुक खुडुक, तिरकी तिरकी. चिंबी गेली काकूंकडे.

"काकू काकू, उठा ना!
काकू उठेनात, कॅन भरेना, इंजिन धडधडेना, चाक हलेना, दगड सुटेना.
कावळा बघतोय, मी जाऊ कुठं?"

काकूंनी खाली बघितलं. काकूंचेच डोळे मोठ्ठे झाले.

"काऽऽय? तो दगड तुझा होता? अगंबाई! मला काय माहीत गं राणी! गाडी मागं जात होती. मी आपला दिसला तो उचलला."

"मग उठा ना, काकू!"

काकूंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या अर्ध्या उठल्या. आणि पुन्हा बसल्या!

"नाही बाई. दर वेळी मीच का म्हणून उठायचं? आज काका बोलले, तर मी उठेन."

चिंबी निघाली. खुडुक खुडुक, तिरकी तिरकी. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत. केवढा लांब ट्रक! पाय दुखले. आठही दुखले.

चिंबी गेली काकांकडे. काकांनी चपला काढून ठेवल्या होत्या. पाय पसरले होते.

"काका काका, बोला ना!
काका बोलेनात, काकू उठेनात, कॅन भरेना, इंजिन धडधडेना, चाक हलेना, दगड सुटेना.
कावळा बघतोय, मी जाऊ कुठं?"

काका दचकले. "काऽऽय? दगडाखाली तू राहायचीस? अरे देवा! गरीब बिचारी!"

"मग बोला ना, काका! काकूंशी बोला!"

काकांनी मिशी ओढली. घसा खाकरला. तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं!

"मी नाही. आज काकू उठली, तर मी बोलेन."

हाय हाय! हे काय झालं?

काकू म्हणतात, काका बोलले तर उठेन. काका म्हणतात, काकू उठली तर बोलेन. आता कुणाकडे जायचं? आता कुणीच उरलं नाही!

चिंबीचे डोळे वर. टुक! वरचे वरच राहिले.

कावळा आरशावरून उडाला. भर्रर्र! रस्त्यावर उतरला. टप. एक उडी. टप. दुसरी उडी. चोच उघडली. आऽऽऽ!

चिंबी पळाली. इकडे ऊन. तिकडे ऊन. लपू कुठं? लपू कुठं? समोर काकांचा पाय. पायाखाली थोडीशी सावली. चिंबी शिरली सावलीत. भीतीनं तिनं नांगी मिटली. गच्च!

नांगीत काय आलं?

काकांच्या पायाचा अंगठा!

"हौसेऽऽऽऽऽ!"

काका ओरडले. असे ओरडले, की घाट दणाणला. कावळा उडाला. थेट झाडावर!

"अगंबाई! काय झालं हो?" काकू ताडकन उठल्या. धावत आल्या.

काका काकूंकडे बघतात. काकू काकांकडे बघतात.

"अहो! तुम्ही बोललात!"

"अगं! तू उठलीस!"

दोघंही थक्क! मग काकू हसल्या. फिस्स! काका हसले. हा हा हा! आणि हसता हसता म्हणाले, "चिंबीबाई, आता अंगठा सोडा की!"

चिंबीनं अंगठा सोडला. अंगठा लालेलाल. आणि मग काय काय झालं, ऐका.

काका बोलले, काकू उठल्या.

काकू उठल्या, कॅन भरला. ओढ्याचं पाणी, डुबुक डुबुक डुबुक!

कॅन भरला, पण काकू लगेच ओतेनात. इंजिन गार होऊ दिलं. तापल्या इंजिनाचं झाकण काढलं, तर वाफ तोंडावर येते. काकूंना हे पक्कं ठाऊक. मग फडकं घेतलं, झाकण फिरवलं, पाणी ओतलं. गट गट गट!

इंजिन धडधडलं. धड धड धड धड!

इंजिन धडधडलं, चाक हललं. गर्रर्र!

चाक हललं, दगड सुटला!

सुटला! सुटला! चिंबी टाळ्या वाजवते. नांग्यांच्या टाळ्या. कट कट कट!

काका चढले. काकू चढल्या. ट्रक निघाला. घर्र घर्र घर्र... वळणावर दिसेनासा झाला.

आणि दगड?

दगड रस्त्यावर! मधोमध!

अहो काका! अहो काकू! असं करतात का? गाडी सुटली, की दगड टाकून चालू पडायचं? मागून येणारा धडपडेल ना! आणि चिंबीचं काय? चिंबी एवढीशी. दगड केवढा. चिंबीनं ढकलला. हलला? नाही. पुन्हा ढकलला. हलला? नाही.

चिंबीचे डोळे वर. टुक!

झाडावर कावळा. काव!

कावळा खालच्या फांदीवर. काव! कावळा कठड्यावर. काव!

तिकडे ट्रकात काका गाडी चालवत होते. पुढं आणखी चढ. काकांनी ॲक्सिलरेटरवर पाय जोरात दाबला.

"आई गंऽऽ!"

"आता काय झालं?" काकू म्हणाल्या.

"अंगठा दुखतोय गं! त्या चिंबीनं..." आणि काका थांबले. त्यांचे डोळे मोठ्ठे झाले. "हौसे! चिंबीचा दगड!"

"अगंबाई! तो तर रस्त्यातच राहिला!"

कच्चऽऽ! ट्रक थांबला.

"मी ब्रेक धरून बसतो. तू पळ!"

काकू पळाल्या. पदर खोचून पळाल्या. धाड धाड धाड! वळण आलं. वळण गेलं. समोर बघतात तर काय? दगडाशेजारी चिंबी. चिंबीशेजारी कावळा!

"हुऽऽश! हुऽऽश! चल, हो बाजूला!"

कावळा बाजूला झाला. गेला नाही हं. नुसता बाजूला झाला.

काकूंनी दगड उचलला. हुप्प! चिंबी पुढं, काकू मागं. खुडुक खुडुक, तिरकी तिरकी. चिंबी बिळात शिरली. काकूंनी दगड बिळावर ठेवला. अगदी अलगद. एका बाजूला जरा फट ठेवली. ये-जा करायला.

"चुकलं हो माझं, चिंबूताई," काकू म्हणाल्या. "आता नीट राहा हं." आणि परत पळाल्या. काका ब्रेक दाबून बसले होते ना! तोही दुखऱ्या अंगठ्यानं!

घर्र घर्र घर्र... ट्रक गेला. केळी गेली. काका गेले. काकू गेल्या.

आता घाटात सगळं गप्प.

बिळात गार गार. बिळात अंधार. चिंबीनं पाय पोटाशी घेतले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. डोळे खाली घेतले. हळूच.

तेवढ्यात दगडावर आवाज झाला. टक! टक! टक!

कोण?

कावळा! चोच मारतोय. टक! टक! चोच दुखली, तरी मारतोय!

"काव! कुणी आहे का घरात?"

आतून चिंबी म्हणाली,

"नाऽऽही! घरात कुणी नाही!"

कावळ्याचेच डोळे मोठ्ठे झाले. घरात कुणी नाही, मग बोललं कोण? विचार करत करत कावळा गेला उडून.

ट्रक गेला घाटापल्याड, चिंबी गेली दगडाआड, आणि तुम्ही शिरा आता पांघरुणाआड!