कारल्यावर ठरलेलं वय

सोनखांबच्या कुंभाजीराजानं हुकूम सोडला, की गेनूला उद्या हत्तीच्या पायी द्या!

गेनू अवघा अकरा वर्षांचा. राखणदारानं कान पिळला म्हणून रागाच्या भरात त्यानं सरकारी गवताची गंजी पेटवली. गंजीपाठोपाठ पागा जळाली, आणि घोडे सोडवताना राखणदाराचे दोन्ही हात भाजले. पोरानं भयंकरच केलं होतं. त्याची मावशी ठकू राजाच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक करायची, तीही ते नाकारत नव्हती.

प्रधान हळूच म्हणाला, की महाराज, पोराच्या ओठावरचं दूध अजून वाळलेलं नाही.

"गुन्हा थोराचा, तर गुन्हेगारही थोर!" राजा गरजला. "माणसाचं वय करणीवरून ठरतं."

बहिणीनं मरताना हे पोर ठकूच्या पदरात टाकलं होतं. ती सरळ पुढे झाली आणि म्हणाली, की सरकार, हा हिशेब चुकला.

"असं? मग उद्या दुपारपर्यंत हे माझ्याच तोंडून वदव. पोर सुटेल. नाहीतर त्याच्याशेजारी तू."

आता बोला! ज्या राजानं जन्मात आपला शब्द फिरवला नाही, त्याच्याकडून वदवायचं कसं? लोकांनी ठकूची आशाच सोडली. ठकू मात्र मंडईत गेली आणि पाटीभर कारली घेऊन आली.

त्या गादीचा एक रिवाज होता. राजानं उपाशीपोटी कुणाचा देहान्त करवायचा नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आधी पंगत बसली. प्रधानाच्या ताटात श्रीखंड-पुरी. राजाच्या ताटात कारल्याची भाजी, कारल्याचे काप, आणि वाटीत कारल्याचा रस!

राजानं ताट ढकललं, गाल फुगवले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "मी नाही जेवणार जा!"

ठकू शेजारी बसली, प्रधानाच्या ताटातला पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवून लाडानं म्हणाली, "हा घास चिऊचा..." आणि काय सांगू, राजानं आ केला! पंगतीत जो तो पदराआड, उपरण्याआड हसू लागला.

ठकूनं पडद्यामागच्या राजमातेला हात जोडले. "आऊसाहेब, राजा वयात येईपर्यंत राज्याचा शिक्का आईकडे असतो. तो आता परत घ्या. करणीवरून वय ठरतं, आणि करणी साऱ्या पंगतीनं पाहिली. सरकार फार तर पाच वर्षांचे."

आऊसाहेबांनी लगेच पडद्याबाहेर हात काढला. "आण रे बाळ."

राजा ताडकन उठला. "मी चांगला चाळिशीचा बाप्या आहे! एकदा रुसलो म्हणून काय लहान झालो?"

"नाही झालात सरकार," ठकू म्हणाली. "तसाच गेनूही एकदा गंजी पेटवून मोठा झाला नाही. आलं ना तुमच्याच तोंडून?"

राजा असा हसला, की पगडी पानात पडली. हत्ती माघारी गेला. राखणदाराचे हात बरे होईपर्यंत त्याला भरवायचं, न्हाऊ घालायचं आणि मग नवी पागा बांधायला माती वाहायची, असं गेनूला फर्मावलं. ठकूला सोन्याचे तोडे मिळाले.

"आता तरी," राजा पाटावर बसत म्हणाला, "त्या प्रधानाची श्रीखंडाची वाटी इकडे सरकव."