मोहाचा लेप

जंगलात पाणवठा एकच होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याचा राखणदार म्हातारा वानर येईल त्याच्या शेपटीला मोहाच्या फुलांचा लेप फासायचा. म्हणायचा, "वासावरून तुला ओळखेन, तुझी जागा राखून ठेवेन."

बिळात तीन पिल्लं ठेवून आलेल्या सशिणीने शेपटी मागे घेतली. "आजोबा, याच वासाच्या मागावर लांडग्याने काल भेकराचं पाडस नेलं."

"वास कोण घेतं, त्याला मी काय करू?"

रांगेतला म्हातारा सांबर खेकसला, "पोरी, आम्ही जन्मभर गुमान लावून घेतला!"

"एवढी शिंगं मिरवता आणि साधं 'नको' म्हणवत नाही तुम्हाला?" सशीण वानराकडे वळली. "लेपाशिवाय पाणी मिळेल का, तेवढं सांगा."

वानराने डोकं खाजवलं. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मिळेल की," तो पुटपुटला, "पाणी काय माझ्या बापाचं आहे?"

ती पोटभर प्यायली आणि घरी आली. संध्याकाळी लांडगा बिळावरून हुंगत गेला. त्याला गवताखेरीज कसलाच वास लागला नाही. पावलं लांब गेली तसा सशिणीने रोखलेला श्वास सोडला. पिल्लं एकमेकांवर पाय टाकून खुशाल घोरत होती.