डाइव्ह बॉम्बरची मागची खुर्ची

“...आणि अजून खाली गेलो तर, सर? किती खाली जाता येईल?”

फ्लाइंग ऑफिसर रमाकांत सबनीस विमानातून उतरून धावतच आला होता. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवरचा जपान्यांचा पूल त्याने तासाभरापूर्वी एकाच बॉम्बमध्ये उडवला होता. पाय जमिनीवर ठरत नव्हते.

त्याला डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान, शिकवणारे फ्लाइट लेफ्टनंट ढवळे पंखाच्या सावलीत बसले होते.

“नियम किती फुटांचा?”

“तीन हजारांवर बॉम्ब सोडून वर उचलायचं. मी दोन हजारांपर्यंत गेलो! पंखांवरचे ब्रेक उघडे, नाक सरळ खाली, पूल मोठा होतोय, मोठा होतोय... चुकणार कसा, सर!”

“शांतवन काय म्हणाला?”

शांतवन त्याचा गनर, मशीनगन सांभाळणारा. मागच्या खुर्चीत, शेपटीकडे तोंड करून बसणारा.

“तो? त्याला काय विचारायचं?”

ढवळ्यांनी उठून हेल्मेट चढवलं.

“चल, सरावाला. तू मागे बस.”

बारा हजार फुटांवर विमान उलटलं आणि नाक खाली करून सरळ सुटलं. सबनीसची पाठ जमिनीकडे, तोंड आभाळाकडे. वारा किंचाळत होता. उंचीचा काटा पुढे ढवळ्यांकडे, विमान उचलायचा दांडा पुढे, लक्ष्य पुढे. त्याच्यापुढे नुसतं निळं आभाळ, लांब लांब जाणारं.

तो मनात आकडे मोजू लागला. सहा हजार. चार. तीन असतील... आता उचलतील.

विमान खालीच जात होतं.

“सर!”

त्याने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

“सर, उचला!”

अंगावर डोंगर पडावा तसा भार आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. विमान वर उचललं गेलं होतं. शेपटीमागे, अगदी जवळ, झाडांचे शेंडे सरकत होते.

विमान जमिनीवर टेकल्यावर सबनीसला शिडीची पायरी सापडेना. तरी हसू आवरत नव्हतं. जिवंत असल्याचं हसू.

“किती खाली गेलो होतो, सर?”

“तुला काय वाटतं?”

“मला... काही दिसलंच नाही. तुमच्या भरवशावर बसलो होतो.”

ढवळ्यांनी हातमोजे काढले.

“उद्या तू पुढे बस, शांतवन मागे. सूर मात्र मागच्या खुर्चीतून मार.”