हळदीचा हात

स्वस्त घरांसाठी केंद्राचं अनुदान नगरपालिकेनं वाजतगाजत घेतलं, वस्ती पाडली आणि माणसं पत्र्याच्या शेडमध्ये कोंबली. सहा वर्षं लोटली, तरी घरांच्या जागेवर बाभळीच माजल्या होत्या. अनुदानाचा पुढचा हप्ता हवा म्हणून नगराध्यक्ष रंगराव शेडमध्ये आले.

"हरणाबाई, घराचा ताबा मिळाला म्हणून इथं अंगठा उठव. नाहीतर यादीतून नाव कापीन."

याच शेडमध्ये घराची वाट बघत हरणाबाईची सासू गेली होती. तिनं वाटीत हळद कालवली आणि पंजा बुडवला.

"नुसता अंगठा कशाला, साहेब? नव्या घराच्या दारावर आमच्यात अख्खा हात उठवतात. चला, दार दाखवा."

तिच्यामागं अंगठा द्यायला रांगेत उभ्या असलेल्यांनी आपापले अंगठे मुठीत दडवले. रंगरावांनी शाईचा डबा मिटला.

हळद मात्र हातावरच वाळून गेली.