नथूबाबाचं माप

सातपुड्याच्या पायथ्याच्या सातखडकीला मोटारीचा रस्ता नव्हता, त्या काळची ही गोष्ट. तिथे नथू नावाचा एक चांभार राहायचा. त्याने शिवलेली वहाण कधी कुणाला चावली नाही. असं म्हणतात, की वाळूतला नुसता ठसा पाहून तो सांगायचा, हा माणूस घरून जेवून निघाला की भांडून.

पण गावातल्या एकाही पायाला नथूने हात लावला नव्हता. रीतच तशी होती. माणसाने चामड्याच्या तुकड्यावर उभं राहायचं आणि नथूने लांब काडीला बांधलेल्या कोळशाने पायाभोवती रेघ ओढायची. ते तुकडे तो जपून ठेवायचा. त्याच्या झोपडीच्या आढ्याला अख्ख्या गावाचे पाय टांगलेले असायचे!

एका वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आखाजीला लेकी माहेरी जातात. सुपडू पाटलांची सून मथुराही जाणार होती, पण ती परत येणार नव्हती. पाटलीणबाईंनी तसं ठरवूनच टाकलं होतं. दोन वर्षांत मथुरा पार मंदावली होती. चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगायची. आवाज घोगरा झाला होता. "आळसाचं गाठोडं," पाटलीणबाई म्हणायच्या. मुलासाठी त्यांनी दुसरी मुलगीही हेरून ठेवली होती. फक्त लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सुनेला जाताना नव्या वहाणा द्यायच्या होत्या.

नथूने गेल्या वर्षीच्या मापाने वहाणा शिवून आणल्या. मथुराने अंगणात वहाणेत पाय घातला, तर तो जाईचना.

"काय रे नथ्या," पाटलीणबाई हसल्या, "बकरीचं माप घेतलं होतंस का?"

नथूचे कान लाल झाले. त्याचं माप, आणि चुकलं? तो पळत घरी गेला, आढ्यावरचा तुकडा काढून आणला आणि मथुराला त्यावर उभं केलं. पाय चहूकडून रेघेबाहेर आला होता. टाचांना आटलेल्या तळ्यासारख्या भेगा होत्या. कातडी कोरडी, पिवळट.

नथू खाली वाकला. असा पाय त्याने एकदा पाहिला होता, आपल्या आईचा. तिच्या वहाणा त्याने तीनदा मोठ्या केल्या आणि तिन्ही वेळा तिला ऐदी म्हणून बोल लावला. ती गेल्यावर ती तिन्ही मापं घेऊन तो तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेला होता.

"नथू," डॉक्टर म्हणाले होते, "माणसाच्या गळ्यात फुलपाखराएवढी एक ग्रंथी असते. ती मंदावली की सगळं अंग मंदावतं. पाय नुसता सांगावा धाडतात. पुन्हा असा पाय दिसला आणि हाताला गार लागला, तर थांबू नकोस."

हाताला गार! ते काडीला कसं कळणार?

नथूने काडी फेकली. भर अंगणात, सगळ्यांदेखत त्याने मथुराचा पाय दोन्ही हातांत धरला.

"मेल्या!" पाटलीणबाई किंचाळल्या. गडी काठ्या घेऊन धावले. पहिली काठी पाठीत बसली, तरी नथूने पाय सोडला नाही. वैशाखाचं ऊन असं होतं की अंगणातल्या दगडावर भाकर भाजली असती, आणि त्याच्या हातातला पाय माठासारखा गार! अंगठ्याने दाबला तर साध्या सुजेसारखा खळगाही पडेना.

"मारा मला," नथू ओरडला, "पण बाई, आधी हा पाय धरून बघा!"

काठ्या थांबल्या. सुनेच्या पायाला सासू हात लावते होय? तेवढ्यात मथुरा बोलली. "आत्याबाई, मला थंडी वाजते हो. दोन वर्षं सांगतेय मी."

पाटलीणबाई खाली बसल्या. त्यांनी सुनेचा पाय धरला, चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि पुन्हा धरला. मग त्यांचा आवाज वेशीपर्यंत गेला. "बघता काय? गाडी जुंपा!"

तालुका बारा कोसांवर. गाडीपुढे वाट दाखवत नथू अनवाणी धावला. असं म्हणतात, की त्या दिवशी वाटेतले तापलेले खडक त्याच्यासाठी लोण्यासारखे मऊ झाले. घाटात आजही पावलांचे ठसे दाखवतात. डॉक्टरांनी मथुराचा गळा तपासला आणि औषध दिलं. मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथीची पूड होती ती! पाटलीणबाई माळकरी. असं म्हणतात, की पूड कशाची हे त्यांना जन्मभर कुणी सांगितलं नाही.

दिवाळीपर्यंत मथुराचा पाय रेघेच्या आत आला. पुढच्या आखाजीला ती त्याच वहाणा घालून माहेरी गेली आणि चौथ्या दिवशी हसत परत आली.

आता त्या दुखण्याला आपण थायरॉईड म्हणतो, आणि रक्त तपासलं की ते कळतं. पण सातखडकीत आखाजीच्या सकाळी अजून नथूबाबाचं माप असतं. एरवी धाकटे मोठ्यांच्या पाया पडतात. त्या दिवशी मोठे खाली बसतात आणि धाकट्यांची पावलं हातांत धरतात. कुणाचं पाऊल भर वैशाखात गार लागलं, तर सण बाजूला ठेवून त्याला आधी दवाखान्यात नेतात.

पहिलं माप नथूच्या घरातल्या सगळ्यात धाकट्याचं असतं. आणि ते पाऊल धरायला पाटलांच्या घरातलं सगळ्यात थोरलं माणूस येतं.